गृहारोग्य : ताप उतरला, पण रक्त काय सांगतें?

पावसाळा सरूं लागला, कीं पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यांत घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो : "आज प्लेटलेट किती?" घरचा कमावता मुलगा डेंग्यूनें रुग्णालयांत निजलेला, तपासणीचा कागद हातीं पडतांच आजीपासून धाकट्या सुनेपर्यंत सर्वांचे चेहरे उतरतात. पण तो कागद वाचावा कसा, हें कितीजण जाणतात?

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्यें सुमारें १,५०,००० ते ४,५०,००० प्लेटलेट व ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. डेंग्यूचा विषाणु अस्थिमज्जेचें रक्त घडविण्याचें कार्य मंदावतो. शिवाय शरीराच्या प्रतिकारांत कांहीं प्लेटलेट नाश पावतात. म्हणून आधीं पांढऱ्या पेशी घटतात, मागाहून प्लेटलेट. यकृतालाहि झळ पोंचते. यास्तव एका दिवसाच्या आंकड्यावरून निर्णय करूं नये. रोजचा चढउतार पाहावा.

तपासणीलाहि योग्य वेळ असते. पहिल्या पांच दिवसांत 'एनएस-वन' ही चांचणी उपयोगी, त्यापुढें 'आयजीएम' प्रतिपिंडांची. दुसऱ्या दिवशीं आयजीएम सांपडलें नाहीं, म्हणून डेंग्यू नव्हेच असें मानणें चूक होय.

आतां मुख्य गोष्ट. खरा धोका पुष्कळदां प्लेटलेटच्या आंकड्यांत नसून 'हिमॅटोक्रिट' या दुर्लक्षिलेल्या ओळींत असतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तांतील पातळ द्रव बाहेर पाझरूं लागला, म्हणजे रक्त दाट होतें व हा आंकडा चढतो. हें बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, नेमका ताप उतरतांना घडतें. ज्या दिवशीं घरची मंडळी "ताप गेला, आतां घरीं नेऊं" म्हणून आनंदतात, तोच दिवस जपण्याचा! पोटांत तीव्र कळा, सारखी ओकारी, हिरड्यांतून रक्त, गुंगी, गार हातपाय, कमी लघवी, यांपैकीं कांहींहि दिसतांच डॉक्टरांस कळवावें. उलट, रक्तस्राव नसतां केवळ आंकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढविण्याचा आग्रह धरूं नये. त्यानें सहसा लाभ होत नाहीं.

आणखी एक समजूत सोडावयास हवी. पिंपरींत १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली व पेनिसिलिन आपल्या देशांत तयार होऊं लागलें, याचा अभिमान योग्यच. परंतु तीं औषधें जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. तशींच ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन या गोळ्या अंगदुखीसाठीं परस्पर देऊं नयेत. त्यांनीं रक्तस्रावाचें भय वाढतें.

वाचकभगिनींनो, घरांत ताप असेल तर एक लहानशी वही घाला. तींत रोजचा ताप, पोटांत गेलेलें पाणी, लघवी व कागदावरील आंकडे तारखेसह लिहा. डॉक्टरांस त्या वहीचा फार उपयोग होईल. आणि गच्चीवरील पिंपें, कुंड्यांखालच्या बशा व कूलर आठवड्यांतून एकदां कोरडे करण्याचें काम घरांतील मुलांकडे आजच सोंपवा.