गर्भवतीचा रक्ताचा अहवाल आणि आपला गोठा

शेतकरी कुटुंबांत एखाद्या सुनेचा गर्भ दोनदां गळाला कीं हल्लीं 'टॉर्च' नांवाची रक्तपरीक्षा करवून आणण्याचा प्रघात पडला आहे. अहवालांत टॉक्सोप्लाझ्मापुढें 'पॉझिटिव्ह' हा शब्द दिसला म्हणजे सर्व दोष त्या बाईच्या रक्तावर येतो आणि महिनोन् महिने औषधें चालतात. हा प्रकार थांबला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म जंतु १९०८ सालीं ट्यूनिस येथें निकोल व मांसो यांस गुंडी नांवाच्या उंदराच्या जातींतील प्राण्यांत आढळला. त्याचीं बीजें मांजराच्या आंतड्यांत तयार होतात आणि विष्ठेवाटे मातींत, चाऱ्यांत व भाजीवर पडतात. ओलसर मातींत तीं वर्षाहूनहि अधिक काळ टिकतात. शेळ्यामेंढ्या गाभडण्याचें हें एक कारण आहे. सदा मातींत हात घालणाऱ्या माणसास हा जंतु केव्हां तरी जडला तर नवल नाहीं. बहुतेकांस त्याची जाणीवहि होत नाहीं.

आतां अहवाल कसा वाचावा तें पाहूं. 'आयजीजी' प्रतिद्रव्य आढळलें, तर लागण पूर्वीं केव्हां तरी होऊन गेली, एवढाच त्याचा अर्थ. गर्भधारणेपूर्वीं झालेली ही लागण सुदृढ स्त्रीच्या गर्भास सहसा बाधत नाहीं. उलट तिचें संरक्षणच होतें. 'आयजीएम' हें नव्या लागणीचें चिन्ह खरें, पण तें कित्येक महिने, क्वचित् वर्षेंहि रक्तांत राहतें व कधीं खोटेंहि निघतें. तेवढ्यावरून गर्भ पाडण्याचा सल्ला देणें हा शुद्ध अविचार होय. दोन-तीन आठवड्यांनीं चांगल्या प्रयोगशाळेंत पुन्हा रक्त तपासावें व 'ॲव्हिडिटी'ची परीक्षा करवावी. पहिल्या चार महिन्यांत ती उच्च निघाली, तर लागण गर्भधारणेपूर्वींची समजावी. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचें कारण शोधण्यास 'टॉर्च' निरुपयोगी आहे, असें ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनेंहि २०११ सालीं सांगितलें.

लागण खरोखर नवी ठरली, तर मात्र दिरंगाई नको. प्रारंभींच्या महिन्यांत ती गर्भापर्यंत कमी वेळां पोंचते, पण पोंचली तर मेंदू व डोळे यांस मोठी इजा करते. शेवटच्या महिन्यांत याच्या उलट. डॉक्टर स्पायरामायसिन देतात. अठराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून गर्भास लागण ठरली, तर उपचार बदलतात.

परंतु खरी राखण घरींच करावयाची आहे. मांजराची घाण व गाभडलेल्या शेळीची वार गर्भवतीनें काढूं नये. तें काम घरच्या पुरुषांनीं करावें, त्यांत कमीपणा कसला? तिनें मातींतील कामानंतर साबणानें हात धुवावे, कच्ची भाजी पुष्कळ पाण्यानें धुवावी, मटण आंतपर्यंत शिजवावें, दूध उकळूनच घ्यावें. मांजरास हांकलूं मात्र नये. तें बहुधा आयुष्यांत एकदांच, एक ते तीन आठवडे, बीजें टाकतें. आणि कोठारांतील उंदीर दुसरें कोण आवरणार? त्यास कच्चें मांस घालूं नये व चाऱ्याच्या गंजीवर निजूं देऊं नये, म्हणजे झालें.