पहिले मर्चंट खाते ठरलेल्या मुदतीत मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. क्षेत्रीय संचालक,
भारतीय रिझर्व्ह बँक,
होशंगाबाद मार्ग, भोपाळ

विषय : ऑनलाइन व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्या लहान विक्रेत्यांना पहिले मर्चंट खाते ठरलेल्या कागदपत्रांवर व ठरलेल्या मुदतीत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

ऑनलाइन दुकानात ग्राहकाने भरलेले पैसे थेट विक्रेत्याच्या हातात पडत नाहीत. ते ग्राहकाच्या बँकेतून निघतात, पेमेंट ॲग्रिगेटरच्या एस्क्रो खात्यात जमा होतात आणि शुल्क वजा होऊन विक्रेत्याच्या चालू खात्यात येतात. ही सोय ज्या नोंदणीमुळे मिळते, तिला व्यवहारात मर्चंट खाते म्हणतात. पूर्वी त्यासाठी बँकेकडेच जावे लागे. आता बहुतेक लहान विक्रेते ॲग्रिगेटरकडे अर्ज करतात.

रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी ॲग्रिगेटरांसाठी नियमावली काढली आणि १५ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत ती एकत्रित केली. बिगर-बँक ॲग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. अर्जाच्या वेळी त्याची निव्वळ मालमत्ता किमान १५ कोटी रुपये असावी लागते, पुढे ती २५ कोटींवर न्यावी लागते. विक्रेत्याची ओळख तपासून घेणे हेही त्याचे कर्तव्य आहे. ही तपासणी आवश्यकच आहे. माल न पाठवता विक्रेता पसार झाला, तर ग्राहकाने परत मागितलेली रक्कम ॲग्रिगेटर आणि बँकेच्या अंगावर पडते. म्हणून तपासणी सैल करा, अशी मागणी या निवेदनात नाही. तपासणीची रीत, मुदत आणि उत्तर देण्याची जबाबदारी निश्चित व्हावी, एवढेच म्हणणे आहे.

भोपाळमध्ये हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपेक्षा घरांना आणि लहान कारखानदारांना जास्त भिडतो. जुन्या शहरातले जरी-जरदोजीचे कारागीर व बटवे शिवणाऱ्या स्त्रिया, गोविंदपुऱ्यातले छोटे उत्पादक, चंदेरी-माहेश्वरी साड्या विकणारे तरुण आता स्वतःचे संकेतस्थळ काढू पाहतात. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरहून आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांची आणि पुढे भेलमध्ये नोकरीला आलेल्यांची मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी पूर्वी शेजारपाजारातून येत, आता त्या पुण्या-नागपुराहूनही येतात. या सर्वांच्या अडचणी पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली अडचण कागदपत्रांची. एकल मालकीच्या व्यवसायासाठी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहक ओळख) निर्देशांनुसार व्यवसायाचे दोन पुरावे लागतात. गुमास्ता (दुकान नोंदणी), उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी, वीजबिल असे अनेक पुरावे त्यात चालतात. दोन पुरावे देणे शक्य नसेल, तर ठिकाणाची पडताळणी करून एकावरही काम भागवण्याची मुभा बँकांना आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी जीएसटी प्रमाणपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर त्याला जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे बंधनकारक नसते. कायद्याने न मागितलेला कागद खात्याची अट बनतो, तेव्हा मार्ग सर्वांत लहान विक्रेत्याचाच बंद होतो.

दुसरी अडचण नावाची. फराळ विकणाऱ्या एखाद्या गृहिणीचे उदाहरण घ्यावे. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि दुकानाचे नाव तिसरेच. खाते पडताळण्यासाठी ॲग्रिगेटर एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव जुळवतो. नाव जुळले नाही की अर्ज आपोआप मागे येतो. विवाह प्रमाणपत्र जोडायला जागा नसते आणि बोलायला माणूस नसतो.

तिसरी अडचण संकेतस्थळाची. अर्ज मंजूर होण्यासाठी ते आधीच सुरू असावे, त्यावर मालाच्या किमती, परताव्याचे व गोपनीयतेचे धोरण, पत्ता आणि तक्रार निवारणाची माहिती असावी, अशी अपेक्षा असते. २०२० चे ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियम पाहता ती रास्त आहे. पण नेमकी त्रुटी कोणती हे कळवले जात नाही. ‘पुनरावलोकन सुरू आहे’ एवढाच संदेश येतो आणि सणाचा हंगाम निघून जातो.

चौथी अडचण अडकलेल्या रकमेची. खाते मिळाल्यावर विक्री एकदम वाढली, तर धोका समजून रक्कम रोखली जाते. ती कोणत्या कारणाने आणि किती काळ रोखली, हे विक्रेत्याला समजत नाही. कच्च्या मालाचे पैसे मात्र त्याला त्याच आठवड्यात चुकते करायचे असतात.

पाचवी अडचण शुल्काची. १,००० रुपयांच्या कार्ड विक्रीवर २ टक्के दर धरला, तर २० रुपये शुल्क जाऊन हाती ९८० रुपये उरतात. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (विक्रेत्याकडून घेतले जाणारे व्यवहार शुल्क) शून्य आहे. त्यामुळे अशा व्यवहारांवरची इतर आकारणी स्वतंत्र दिसायला हवी. एकत्रित दरात ती कळत नाही.

खाते न मिळालेला विक्रेता वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेऊ लागतो. मग पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबावे लागते, ऑर्डर आणि जमा रक्कम जुळत नाही. कोणा अनोळखी ग्राहकाच्या व्यवहारावर सायबर तक्रार झाली, तर घरखर्चाचे खातेही गोठू शकते. म्हणजे तपासलेल्या मार्गाने येऊ पाहणारा माणूसच न तपासलेल्या मार्गाकडे ढकलला जातो.

अयशस्वी व्यवहारात ग्राहकाची रक्कम किती दिवसांत परतावी, हे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवून दिले आणि उशिरासाठी दिवसाला १०० रुपये भरपाई लावली. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्ज अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. हीच शिस्त मर्चंट खात्याच्या अर्जालाही लागावी.

तरी पुढील मागण्या सादर करण्यात येत आहेत :

१. कागदपत्रांची एकसमान यादी हिंदी व मराठीसह प्रादेशिक भाषांत प्रसिद्ध करावी. कायद्याने आवश्यक नसेल तेथे जीएसटी प्रमाणपत्राची सक्ती नसावी.
२. परिपूर्ण अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हावा. नकार किंवा त्रुटी लेखी कारणासह कळवावी.
३. नावातील फरकासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र स्वीकारावे आणि तपासणी अधिकाऱ्यामार्फत व्हावी.
४. केंद्रीय केवायसी नोंद असलेल्याकडून तीच कागदपत्रे पुन्हा मागू नयेत.
५. रक्कम रोखताना कारण, रोखलेला हिस्सा आणि सोडण्याची तारीख त्याच दिवशी कळवावी.
६. एमडीआर, ॲग्रिगेटरचे शुल्क व कर विवरणात वेगवेगळे दाखवावेत.
७. विक्रेत्याने ॲग्रिगेटरविरुद्ध कोठे दाद मागावी हे स्पष्ट करावे आणि भोपाळ कार्यालयात यासाठी मार्गदर्शन कक्ष सुरू करावा.

या मागण्यांवर येत्या सणाच्या हंगामापूर्वी बँका, ॲग्रिगेटर आणि लहान विक्रेते यांची संयुक्त बैठक भोपाळ येथे बोलावावी आणि झालेला निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

निवेदक,
भोपाळमधील गृहउद्योजक, कारागीर व ऑनलाइन विक्रेते

सोबत : निवेदनाची हिंदी प्रत