तोडा, चकमक आणि पाऊस

१/ 'चकमकीची बंदूक आली आणि पावसाचा प्रश्न मिटला. तोड्याला चिकटून राहिले ते अडाणी.' हे विधान वारंवार वाचावयास मिळते. ते अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यावर पराभवाची मीमांसा उभी राहत नाही.

२/ तोड्याची जळती वात पावसात विझते, हे खरे. चकमकीत वात नसते. पण गारगोटीची ठिणगी पडते ती उघड्या रंजकावरच. रंजक दमटले, पोलाद ओले झाले, की बार उडत नाही.

३/ १८३४ साली वुलिच येथे ब्रिटिशांनी सर्व हवामानांत प्रत्येकी ६,००० बार काढून पाहिले. हजारी सुमारे १५३ वेळा चकमक चुकली. टोपीची बंदूक अवघी ६ वेळा. १८४१ मध्ये कँटनजवळ मुसळधार पावसात मद्रासी शिपायांच्या चकमकी मुक्या झाल्या. त्यांची सुटका टोपीच्या बंदुकांनी केली.

४/ चकमक मराठ्यांना अपरिचितही नव्हती. महादजी शिंद्यांच्या सेवेतील द बॉइनच्या पलटणी तीच वापरीत. एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याजवळ कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाची फौज उधळली, ती ऐन उन्हाळ्यात. तेथे ओल्या दारूची सबब चालत नाही.

५/ मग त्या काळी यवतमाळच्या रानात श्रावणसरींत शिकाऱ्याने काय निवडावे? चकमकच, पण चापावर तेलकट चामड्याचे आच्छादन, धारदार गारगोटी आणि पुनःपुन्हा बदललेले रंजक यांसह. निगा नसेल तर ती बंदूक म्हणजे महागडी काठी. हत्यार पाहून पूर्वजांना मागास ठरविण्यापूर्वी ते कसे चालते, एवढे तरी समजून घ्या.