कमावत्या आईला दंड

महाराष्ट्र सरकारने माणसाच्या निराधारपणाची एक किंमत ठरवून ठेवली आहे आणि ती आहे 50 हजार रुपये. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग व्यक्तीला अनुदान हवे असेल, तर तिच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न या आकड्याच्या आत असावे लागते. म्हणजे साऱ्या घराला मिळून दिवसाला 137 रुपये. याच राज्यात 2025-26 सालासाठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. घरातल्या एकाच माणसाने वर्षात 161 दिवस माती उपसली, तर त्या घरातले बोलू न शकणारे, चालू न शकणारे, घास गिळताना ठसकणारे लेकरू सरकारच्या लेखी निराधार उरत नाही. हा नियम ज्यांनी केला आणि ज्यांनी तो आजवर जपला, त्यांना आम्ही जाब विचारणार आहोत.

कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन तालुक्यांत घरबसल्या हस्तकलेवर संसार ओढणाऱ्या बाया गावोगावी भेटतात. कोणी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते, कोणी कापडी पिशव्या, कोणी सूप-टोपल्या विणते, कोणी पेणहून आलेल्या कच्च्या गणेशमूर्तींना रंग देते. त्यांतल्या ज्या बाईच्या पदरात विशेष मूल आहे, तिने हा धंदा हौसेने निवडलेला नाही. रसायनी-खोपोलीच्या कारखान्यात पाळी करावी, तर आठ तास मुलाजवळ कोण बसणार? मुलाला नजरेआड करता येत नाही, म्हणून तिने घरातच हाताला काम शोधले. त्या कामाचे स्वरूप शहाण्यांनी एकदा समजून घ्यावे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना हात हलून चालत नाही आणि मुलाला आकडी आली की ब्रश टाकून धावावेच लागते. रंगाचे डबे, सुया, कात्री, कोयता हे सारे त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवायचे, दर वेळी काढायचे आणि दर वेळी परत ठेवायचे. आषाढ-श्रावणात मागणीचा जोर असतो. नेमक्या त्याच दिवसांत घाटमाथ्यावरून पाऊस कोसळतो, वीज जाते, रस्ते तुंबतात, ढगांच्या गडगडाटाने मूल बिथरते आणि रात्रभर झोपत नाही. व्यापारी मात्र चतुर्थीची तारीख दाखवतो. माल उशिरा पोचला की पैसे कापतो, आणि पुढच्या वर्षी तो माल दुसऱ्या घरी टाकतो. इतके सोसून ही बाई महिन्याला पाच हजार रुपये मिळवू लागली, की सरकार पुढे होऊन म्हणते, तुझे उत्पन्न वाढले, आता तुझ्या मुलाचे अनुदान बंद!

उपचारांची कथा याहून संतापजनक आहे. लहान मुलांतले दोष लवकर हेरून वेळीच उपचार करावेत, यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ 2013 च्या फेब्रुवारीत आमच्याच राज्यात, पालघरला झाला. त्या योजनेत शीघ्र हस्तक्षेप केंद्र ठेवले जिल्ह्यामागे एक! आमच्या जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग; तिथे प्रवासी रेल्वे जात नाही. कशेळ्याची किंवा वावोशीची आई मुलाला कडेवर घेऊन बस बदलत पेणमार्गे समुद्रकाठी जाणार आणि तिन्हीसांजेला परतणार. वाचोपचार आणि भौतिकोपचार हे वर्षातून एकदा घ्यायचे औषध नव्हे. आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे ते चालावे लागतात, तेव्हा कुठे जीभ वळते आणि पाऊल पडते. अलिबाग परवडत नाही म्हणून आया लोकल धरून कल्याण-ठाण्याला जातात. त्या दिवशीची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते, खासगी उपचारकाचे शुल्क जाते, आणि गर्दीच्या डब्यात मूल ओरडू लागले की सहप्रवाशांच्या नजरा झेलाव्या लागतात त्या वेगळ्याच. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे 25 वे कलम आरोग्यसेवा जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, द्यायला सांगते. जवळपास या शब्दात कर्जत ते अलिबाग बसते, असे ज्याला वाटते त्याने एकदा त्या मुलाला घेऊन एस.टी.ने जाऊन यावे.

शाळेचेही तेच. अधिनियमाच्या 31 व्या कलमाने 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला, आणि केंद्राने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले. महाराष्ट्राने काय केले? 2024 साली 4860 पदे मंजूर केली, म्हणजे केंद्रामागे एक. एका केंद्रात कितीतरी शाळा. हा एक शिक्षक त्या साऱ्या शाळा फिरणार, नोंदी करणार आणि पुढे जाणार. मग मुख्याध्यापक आईला सांगतात, पटावर नाव राहू द्या, पण मूल घरीच बरे. पटावर मूल शाळेत असते आणि प्रत्यक्षात गोधड्यांच्या ढिगाशेजारी. राज्याची आकडेवारी सुधारते ती अशी.

आता हेतूंकडे वळू. हीच सरकारी व्यवस्था दुसऱ्या तोंडाने काय बोलते ते पाहा. 17 सप्टेंबर 2023 रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक कारागिरींना मान, 15 हजारांची अवजारे, पहिल्या टप्प्यात एक लाखाचे कर्ज, पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण आणि रोजचे 500 रुपये विद्यावेतन. योजना वाईट नाही. परंतु त्या पाच दिवसांत विशेष मुलाला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न ती आखणाऱ्या एकाही अधिकाऱ्याच्या मनात आला नाही, कारण त्यांच्या कल्पनेतला कारागीर हा घरी बायको असलेला पुरुष आहे. पुढे 25 ऑगस्ट 2024 रोजी जळगावात लखपती दीदींचे संमेलन भरले. बचत गटातल्या बाईच्या घराचे वार्षिक उत्पन्न एक लाखावर जावे, हे त्या योजनेचे ध्येय. ठीक. पण कर्जतच्या एखाद्या बाईने सरकारचे म्हणणे शिरसावंद्य मानून, कर्ज काढून, शिलाईयंत्र घेऊन हे ध्येय गाठण्याआधी, अर्ध्या वाटेवर 50 हजारांचा उंबरठा ओलांडला, की तिच्या लेकराचा हक्क गेला! बचत गट चालवणाऱ्या उमेद अभियानाचा माणूस तिला सांगतो कमाव, आणि तहसील कचेरी सांगते कमावलेस तर गमावशील. ज्या राज्याचा एक हात बाईला उद्योजिका करायला निघाला आहे, त्याच राज्याचा दुसरा हात तिने दरिद्री राहावे म्हणून तिला मागे खेचतो. दोन्ही हातांना पगार देतो तो मात्र आपण.

ही नुसती गफलत असती, तर आम्ही लेखणी इतकी तापवली नसती. पण त्याच आईला 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत बसवताना सरकारने उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. बाई तीच, घर तेच, शिधापत्रिकाही तीच. तिच्या स्वतःच्या नावाने पैसे द्यायचे असतात तेव्हा अडीच लाखांपर्यंत ती गरीब, आणि तिच्या दिव्यांग मुलाच्या नावाने द्यायचे असतात तेव्हा 50 हजारांपलीकडे ती श्रीमंत! ही पाचपट तफावत कोणत्या अर्थशास्त्राने निघाली? आम्ही सांगतो. लाडक्या बहिणीची घोषणा 2024 च्या जूनमधल्या अर्थसंकल्पात झाली, त्या वर्षाच्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, आणि बहिणीला मत असते. विशेष मुलाला मत नसते.

पैसा नाही, ही सबब तर उच्चारूच नये. अधिनियमाच्या 24 व्या कलमात सामाजिक सुरक्षेच्या योजना सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कराव्यात असे म्हटले आहे, आणि नोकरशाही त्या कुवतीच्या आड आजवर दडत आली. ज्या सरकारने एकट्या लाडक्या बहिणीच्या योजनेसाठी वर्षाला 46 हजार कोटी रुपये उभे करण्याची घोषणा केली, त्याची कुवत त्या दिवशीच सिद्ध झाली. याच कलमाने दिव्यांगांचे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्क्यांनी अधिक असावे असे बजावले होते. कायदा 19 एप्रिल 2017 रोजी अमलात आला. सहा वर्षांनी, 2023 मध्ये, निराधार अनुदान 1500 रुपये झाले तेव्हाही ते सर्वांना सारखेच होते. दिव्यांगांसाठी ते 2500 करायला 2025 चा सप्टेंबर उजाडला. ती वाढ झाली हे चांगलेच झाले. पण उत्पन्नाची अट जिथल्या तिथे ठेवून वाढवलेली रक्कम कमावत्या आईच्या हाती लागणार कशी?

याच 24 व्या कलमात, ज्यांना आधाराची अधिक गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. ती वाचायला महाराष्ट्राला वेळ झालेला नाही. केरळ 'आश्वासकिरणम्' योजनेखाली देखभाल करणाऱ्याला दरमहा 600 रुपये देते. रक्कम तुटपुंजी आहे, तरीही अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ बसून राहणाऱ्या बाईचे ते बसणे म्हणजे काम होय, एवढे त्या राज्याने कबूल केले. फुले-आंबेडकरांचे नाव घेतल्यावाचून ज्यांचे भाषण सुरू होत नाही, त्या आमच्या पुढाऱ्यांनी एवढीही कबुली दिलेली नाही. आणि उत्पन्नाची अट किती निर्दय होऊ शकते, हे पाहायचे असेल तर ब्रिटनकडे पाहावे : तिथे आठवड्याची कमाई मर्यादेच्या पौंडभर पुढे गेली तरी त्या आठवड्याचा सारा काळजीवाहक भत्ता जात असे, हजारो लोकांकडून वर्षांमागचे पैसे वसूल होऊ लागले, 2024 मध्ये त्यावर गहजब झाला आणि 2025 च्या एप्रिलपासून ती मर्यादा 151 पौंडांवरून 196 पौंडांवर न्यावी लागली. तिथल्या जनतेने सरकारला वाकवले.

22 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सांगितले की, विशेष मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणे म्हणजे स्त्रियांचा नोकरीतला सहभाग सुरक्षित ठेवण्याच्या घटनात्मक कर्तव्याचा भंग होय. केंद्र सरकारच्या कर्मचारी महिलेला ही रजा 730 दिवस मिळते. मिळायलाच हवी, त्यातला एक दिवसही कमी करा असे आम्ही म्हणणार नाही. पण जी बाई कोणाची नोकर नाही, जिचा मालक ती स्वतः आणि कारखाना तिची ओटी, तिच्या 730 दिवसांचे काय? देशाच्या श्रमशक्तीत तिची गणना होते की नाही?

समाजालाही आम्ही मोकळे सोडणार नाही. शनिवार-रविवारी उल्हासच्या काठी फार्महाऊसवर येणारा सुखवस्तू मुंबईकर सहाशेची गोधडी चारशेला मागतो. 8 मार्चच्या महिला दिनी आणि 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनी हीच आई व्यासपीठावर बोलावली जाते, शाल-श्रीफळ मिळते, पुढारी तिच्या त्यागावर गहिवरून बोलतात. आणि ती दोन तास मंचावर बसलेली असताना तिचे मूल शेजारणीकडे रडत असते. या बाईने त्याग करावा, अशी आमची इच्छा नाही. तिला धंदा करायचा आहे, तो वाढवायचा आहे. तिच्या सोसण्याचे कौतुक करणाऱ्यांनी ते सोसणे संपवण्यासाठी काय केले ते आधी सांगावे.

राज्याच्या इतिहासात या मुलांसाठी जे काही उभे राहिले, त्यातले पुष्कळसे पालकांनी उभारले आहे. आपल्या मुलीसाठी घरातच वर्ग सुरू करणाऱ्या जय वकील यांनी 1944 साली मुंबईत शाळा काढली. मिठू अलूर यांनी मुलगी मालिनीसाठी 1972 मध्ये स्पास्टिक्स सोसायटी स्थापली. सिंधूताई जोशींनी 1964 पासून पुण्यात 'कामायनी' घडवली आणि मोठ्या झालेल्या मुलांच्या हाताला काम दिले. आमच्या लोकलच्या वाटेवर, बदलापूरला 'आधार' आहे, तोही पालकांच्याच एकजुटीचा. या थोरांना वंदन. परंतु प्रत्येक आईने संस्था काढावी, ही अपेक्षा धरून राज्य चालवता येत नाही. आणि भिसेगाव-कडाव-चौकच्या ज्या बाईला दोन टाके घालायला सलग अर्धा तास मिळत नाही, तिने तर नाहीच.

3 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग उघडला. त्या विभागाने आता आपले अस्तित्व सिद्ध करावे. निराधार अनुदानाची दिव्यांगांसाठीची उत्पन्नमर्यादा लाडक्या बहिणीच्या बरोबरीने अडीच लाख करावी. काळजीवाहक भत्ता येत्या अधिवेशनात जाहीर करावा. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि खोपोलीत आठवड्यातले ठरावीक दिवस वाचोपचार व भौतिकोपचार सुरू करावेत, आणि विश्वकर्मा-उमेदच्या प्रशिक्षणाच्या जागी मुलांना सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती बसवावी. यातली एकही गोष्ट सरकारच्या आवाक्याबाहेरची नाही.

एक गोष्ट मात्र मंत्रालयाची वाट न पाहता आपल्या हातात आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक आहे. खालापुरातल्या कारखान्यांची आणि कर्जतमधल्या फार्महाऊसांची घरपट्टी ज्या पंचायतींच्या तिजोरीत पडते, त्यांचे हे पाच टक्के थोडेथोडके नाहीत. बऱ्याच ठिकाणी वर्षाअखेरीस त्यातून काहीतरी किरकोळ वाटप होते, फोटो निघतो आणि उरलेली रक्कम कुठे जाते ते कोणी विचारत नाही. कर्जत, खोपोली आणि माथेरानच्या नगरपरिषदांनी व खालापूरच्या नगरपंचायतीने गेल्या पाच वर्षांचा हिशेब दर्शनी फलकावर लावावा. आणि येत्या ग्रामसभेत दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक नागरिकाने, त्याच्या घरी विशेष मूल असो वा नसो, उठून उभे राहून हा आकडा विचारावा : जमा किती, खर्च किती, कोणावर आणि कशासाठी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्याचे उत्तर दिल्याशिवाय इतिवृत्तावर कोणी सही करू नये.