अनामत म्हणजे देणगी नव्हे

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला गेले, तेव्हा क्लार्कने एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "भाभी, इथे सही करा." मी वाचून पाहिला. शेवटची ओळ अशी होती : संस्थेकडून माझी कोणतीही रक्कम येणे नाही. मी पेन खाली ठेवले. नर्सरीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही १०,००० रुपये अनामत भरली होती. ती परत मिळालेली नसताना 'येणे नाही' असे मी कसे लिहून देणार?

आम्ही सोलापूरचे. मिस्टर यंत्रमाग कारखान्यात कामाला. गेल्या वर्षी काम आठवड्यातून तीन दिवसांवर आले आणि इंग्रजी शाळेची फी झेपेना. पाचवी झाल्यावर मुलीला अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीला घालायचे ठरले. नवा गणवेश, पुस्तके, सायकल, सगळा हिशेब त्या दहा हजारांवर मांडला होता.

क्लार्क म्हणाला, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला हेलपाटे घालता? संस्थेला दिले समजा, सवाब मिळेल." शाळा आपल्याच समाजातल्या लोकांनी काढलेली. त्यामुळे हे वाक्य जास्त लागले. देणगी द्यायची की नाही, हे देणाऱ्याने ठरवायचे असते. दुसऱ्याचे पैसे ठेवून घेऊन त्याला सवाबाचे आश्वासन देणे ही कुठली रीत?

शब्दच बघा. मराठीतला 'अनामत' हा अरबी 'अमानत'वरून आला आहे. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती ज्याची त्याला परत करावी, हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवतात. जुम्म्याच्या बयानात ऐकतो. मग शाळेच्या काउंटरवर तो अर्थ कुठे जातो? हिशेबाच्या भाषेतही तेच आहे. फी हे संस्थेचे उत्पन्न, अनामत हे संस्थेचे देणे. समजा एका शाळेत ६०० मुले आहेत आणि प्रत्येकाचे १०,००० रुपये जमा आहेत, तर ६० लाख रुपये वर्षानुवर्षे बिनव्याजी वापरायला मिळतात. त्याच्या बदल्यात मूळ रक्कम वेळेवर परत करणे, एवढीच अपेक्षा आहे.

शाळेची बाजूही मी समजून घेतली. काही पालक फी थकवून निघून जातात, पुस्तके परत येत नाहीत. मान्य. अनामत त्यासाठीच असते. थकबाकी असेल तर वजा करा, पण कशाचे किती कापले ते लिहून द्या. मला तोंडी सांगितले, "बेंच, लायब्ररी वगैरेचे दोन हजार जातील." मी लेखी मागितले, तेव्हा ते दोन हजार आपोआप नाहीसे झाले.

मग 'मूळ पावती आणा' हा मुद्दा निघाला. सात वर्षांपूर्वीची पावती! नशिबाने ती जन्मदाखल्याच्या फायलीत होती, शाई पुसट झालेली. मूळ पावती दिली नाही, दाखवली आणि झेरॉक्स दिली. मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज लिहिला : मुलीचे नाव, इयत्ता, पावती क्रमांक, रक्कम, बँक खाते आणि १५ दिवसांची मुदत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. फॉर्मवरची ती शेवटची ओळ खोडून 'अनामत येणे बाकी' असे लिहिले आणि मगच सही करून दाखला घेतला. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही. तेव्हा स्मरणपत्र पाठवले आणि त्याची प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात दिली. चौथ्या महिन्यात पूर्ण रकमेचा चेक मिळाला.

माझ्या शेजारणीला मात्र मिळाला नाही. तिने तो फॉर्म न वाचता सही केली होती आणि पावती घर बदलताना हरवली होती. दोघींची मुले एकाच वर्गात, दोघींचे पैसे सारखे. फरक फक्त एका कागदाचा. ज्या आईला वाचता येत नाही, जिला कार्यालयात आवाज चढवायची सवय नाही, तिचे पैसे आधी बुडतात. म्हणून ही माझ्या एकटीची तक्रार नाही.

कायद्याचा आधार आहे, पण तो सरळ नाही. सरकारी वा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला दाखला लगेच द्यावा, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. पण शिक्षण ही 'सेवा' आहे का, यावर निकाल एकसारखे नाहीत. दिवाणी दावा करता येतो, पण त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि दहा हजारांसाठी वकील कोण लावणार? संस्थांना हे पक्के माहीत असते.

म्हणूनच आपल्या संस्थांकडून अपेक्षा जास्त आहे. अल्पसंख्याक दर्जा संविधानाच्या कलम ३० ने दिला तो आपल्या मुलांना शिकवण्यासाठी. काही कायद्यांतून सूट मिळाली म्हणून हिशेबातून सूट मिळत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये आपल्या शैक्षणिक मागासलेपणाचे चित्र मांडले. ते आपण प्रत्येक सभेत सरकारला ऐकवतो, आणि ऐकवायलाच हवे. पण त्याच मागास घरातल्या बाईला आपल्याच शाळेच्या काउंटरवर चार महिने हेलपाटे घालावे लागत असतील, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा?

माझी मागणी छोटी आहे. दाखला ज्या दिवशी, अनामत त्याच दिवशी, न मागता. शाळेच्या रजिस्टरमध्ये नोंद असताना पालकाकडे पावतीचा हट्ट नको. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत फीचा प्रस्ताव येतो, तेव्हा पालक प्रतिनिधींनी हा नियम लिहून घ्यावा. आणि भगिनींनो, आजच घरातली ती पावती शोधा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका.

मुलगी आता नव्या शाळेत सायकलवर जाते. ती सायकल कोणाच्या मेहेरबानीची नाही. आमच्याच अमानतीची आहे.