डेंग्यूच्या रिपोर्टमधली न वाचलेली ओळ

पावसाळ्यात घरात कुणाला डेंग्यू निघाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पेशी किती आहेत?’ आकडा एक लाखाखाली गेला की घरच्यांचा धीर सुटतो आणि पन्नास हजारांखाली गेला की रक्तपेढ्यांकडे धावाधाव सुरू होते. जोडीला शेळीचे दूध, किवी आणि पपईच्या पानांचा रस असतोच. ही काळजी खरी आहे, पण ती एकाच आकड्यावर खिळली आहे. डेंग्यूत बहुतेकांच्या या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात आणि ताप उतरल्यावर काही दिवसांत आपोआप वाढतात. जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू लागल्यामुळे. त्याने रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. या गळतीची खबर देणारा आकडा प्लेटलेट दाखवणाऱ्या त्याच रक्ततपासणीच्या, म्हणजे सीबीसीच्या, कागदावर असतो. तो म्हणजे हिमॅटोक्रिट. अनेक रिपोर्टवर त्याला पीसीव्ही म्हणतात.

रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा किती, हे पीसीव्ही सांगतो. द्रव झिरपून गेला की रक्त दाट होते आणि हा आकडा चढतो. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के वाढ हे गळतीचे ठळक लक्षण मानले जाते. अडचण अशी, की एकटा रिपोर्ट ही वाढ दाखवत नाही. एखाद्या स्त्रीचा पीसीव्ही ३६ वरून ४४ झाला, तर वाढ २२ टक्क्यांची असते. पण दोन्ही आकडे ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसतात, म्हणून त्यांच्यापुढे कसलीही खूण उमटत नाही. खूण उमटते ती प्लेटलेटपुढे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांचा पीसीव्ही मुळातच कमी असल्याने तो चढून ‘नॉर्मल’ दिसू लागला, तर तोच धोका असू शकतो. म्हणूनच तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतला सीबीसी जपून ठेवायला हवा. पुढची तुलना त्याच्याशीच करायची असते.

यावर कुणी म्हणेल, प्लेटलेट कमी झाल्या तर रक्तस्राव होणारच ना? धोका आहेच, आणि मोठा रक्तस्राव होत असेल तर प्लेटलेट द्याव्याच लागतात. प्रश्न आहे तो रक्तस्राव नसताना केवळ आकडा पाहून त्या चढवण्याचा. सिंगापूर आणि मलेशियातील ३७२ प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी होत्या. खबरदारी म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव लक्षणीयरीत्या टळला नाही. उलट दुष्परिणाम वाढले. ‘नातेवाईक ऐकत नाहीत, काही विपरीत घडले तर दोष आमच्यावर येतो,’ ही डॉक्टरांची अडचणही खोटी नाही. पण ती भीती घालवायची तर कुठला आकडा का पाहायचा, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत समजावून सांगावे लागेल.

दुसरा गैरसमज तापाचा. ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे वाटते. डेंग्यूत मात्र साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतानाच गळतीचा काळ सुरू होतो आणि तो २४ ते ४८ तास टिकतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी किंवा अस्वस्थता दिसली तर प्लेटलेट कितीही असोत, रुग्णालय गाठायला हवे. सलाइनही मोजूनच द्यावे लागते. जास्त झाले तर छातीत पाणी साठून श्वास अडतो. त्यासाठीही पीसीव्हीवर नजर हवी.

प्रयोगशाळांनी पीसीव्हीशेजारी रुग्णाचा मागचा आकडा छापावा. त्याला नवे यंत्र लागत नाही, खर्चही नगण्य आहे. आणि नातेवाइकांनी पेशींबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत: पीसीव्ही कालच्यापेक्षा किती वाढला, लघवी नीट होते आहे का आणि ताप उतरून किती तास झाले? प्लेटलेटच्या पिशवीसाठी गावभर फिरण्यापेक्षा या उत्तरांनी रुग्ण वाचण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे.