पाटी मराठीत, संमतिपत्र इंग्रजीत



दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून राज्यात केवढे रान उठले! सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत देऊन बजावले. चांगलेच झाले. पण रुग्णालयाची पाटी मराठीत आणि आत ऑपरेशनचे संमतिपत्र मात्र इंग्रजीत, याचा राग कुणालाच का येत नाही?

गेल्याच आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीचे पित्ताशयाचे ऑपरेशन पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात झाले. ताई सातवी शिकलेली. मराठी पेपर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. थिएटरमध्ये नेण्याच्या जरा आधी सिस्टर चार छापील इंग्रजी पाने घेऊन आल्या. पेनाने फुल्या मारलेल्याच होत्या. “मावशी, इथे, इथे आणि इथे सही करा.” ताईने विचारले, काय लिहिलंय यात? “काही नाही हो, सगळ्यांचीच घेतात.” ताईने सही केली. दुर्बिणीने जमले नाही तर पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास माझी हरकत नाही, असे दुसऱ्या पानावर लिहिलेले होते आणि नेमके तसेच झाले. शुद्धीवर आल्यावर बरगडीखालचा लांब छेद पाहून ती हादरली. डॉक्टरांनी काहीतरी बिघडवले आणि आता आपल्यापासून लपवताहेत, असे तिच्या मनाने घेतले. दोन दिवस धड जेवली नाही. खरे तर डॉक्टरांचे काहीच चुकले नव्हते. सुजून चिकटलेले पित्ताशय काढताना कधी कधी पोट उघडणेच सुरक्षित असते. एवढे चार ओळींत मराठीत आधी कळले असते तर हा मनस्ताप झाला नसता.

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितले आहे की, पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्राने 2019 मध्ये राज्यांकडे पाठवली. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा हक्क तीत आहे. आपल्या राज्याने 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे सक्तीचे केले. मग संमतिपत्र इंग्रजीत कोणत्या तोंडाने पुढे करतात?

वैद्यकीय मजकूर मराठीत आणणे अवघड, ही सबब मला सांगू नये. त्याच रुग्णालयातल्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा ठसठशीत मराठी फलक आहे. 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा नुसत्या फलकावर थांबत नाही. प्रसूतिपूर्व तपासणीसाठी सुई टोचून गर्भजल काढायचे असले, तरी त्या स्त्रीला समजेल अशाच भाषेत लेखी संमती घ्या आणि तिला प्रत द्या, असे तो बजावतो. मशीनला सील लागण्याची भीती आहे, म्हणून तिथे मराठी बिनबोभाट येते. पोट फाडण्याच्या कागदावर तशी भीती नाही, म्हणून इंग्रजी. माझा सगळा रोख याच एका गोष्टीवर आहे.

डिस्चार्ज कार्डाचीही तीच कथा. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा जखमेतून पाणी येऊ लागले तर ताबडतोब या, ही सर्वांत महत्त्वाची सूचना कार्डाच्या तळाशी बारीक इंग्रजीत छापलेली. घरी ती वाचणार कोण? बिल भरण्याच्या खिडकीवरच्या सूचना मात्र मराठीत, ठळक अक्षरात!

हा हट्ट फक्त मराठीचा नाही. नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या बाईला तिच्या बोलीत समजावून सांगणारे माणूस मिळाले पाहिजे आणि बांधकामावरच्या बिहारी मजुराला हिंदी कागद. आरोग्य विभागाने नेहमीच्या शस्त्रक्रियांची संमतिपत्रे सोप्या मराठीत एकदाच तयार करावीत आणि ती न वापरणाऱ्या रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण रोखावे. त्याशिवाय हे सुधारायचे नाही.

तोवर वाचकांना एकच विनंती. तातडीची, जिवावरची वेळ नसेल तर कळत नसलेल्या कागदावर सही करू नका. आधी मराठीत वाचून दाखवा म्हणा आणि सही केल्यावर प्रत मागून घ्या.

— एक वाचक, नारायणगाव